वादळाची वर्दी आणि विद्यालयाची तयारी

फाल्गुन-चैत्राच्या दुपारीं माळावर उठणारी वावटळ आपल्याकडे कोणास नवी नाहीं. वाळलेलीं पानें, धूळ आणि कागदाचे कपटे गरगरवीत ती चार शेतें ओलांडते आणि पाहतां पाहतां विरून जाते. मुलें तिच्यामागें धांवतात. म्हातारीं माणसें मात्र तिच्या वाटेंतून बाजूस होतात. उत्तर अमेरिकेच्या मैदानी मुलखांत ज्याला टॉर्नेडो म्हणतात, तो दिसावयास या वावटळीचा थोरला भाऊ वाटला तरी त्याचें कूळ निराळें आहे. आपली वावटळ तापलेल्या भुईंतून वर उठते. टॉर्नेडो गडगडाटी मेघाच्या पोटांतून सोंडेसारखा खालीं उतरतो, आणि त्याच्या अत्यंत उग्र रूपांत वाऱ्याचा वेग ताशीं ३०० किलोमीटरांच्याही पुढें जातो. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी उष्ण व दमट हवा आणि पश्चिमेच्या उंच प्रदेशाकडून येणारी कोरडी हवा यांची गांठ वसंत ऋतूंत टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस, आयोवा या प्रांतांवर पडते. वरच्या थरांतील जोरदार वारे तिला पीळ देतात, आणि मग त्या एका देशांत वर्षाकांठीं हजारावर टॉर्नेडो होतात.

अशा मुलखांत विद्यालयें कशीं चालतात, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. महाराष्ट्रांतील किती तरी कुटुंबांतील मुलगे-मुली आज त्या भागांतील विद्यापीठांत शिकत आहेत. एप्रिल-मे महिन्यांत "भोंगा वाजला, तळघरांत जाऊन बसलों" असा निरोप तिकडून आला म्हणजे येथें घरीं कोणाला घांस गोड लागत नाहीं. परंतु या भोंग्याच्या मागें सव्वाशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्याच्या मध्यभागीं एक जुना वाद आहे: संकटाची वर्दी लोकांस आगाऊ द्यावी, कीं ते घाबरतील म्हणून ती दडवावी? या वादाचा निकाल लागण्यास फार वर्षें लागलीं. आणि तो लागत असतां विद्यालयें कधीं बळी ठरलीं, कधीं प्रयोगशाळा ठरलीं.

आरंभ आयोवा प्रांतांतील ग्रिनेल या लहानशा गांवापासून करणें सोयीचें होईल. आज ग्रिनेल कॉलेज म्हणून प्रसिद्ध असलेल्या तेथील संस्थेला त्या काळीं आयोवा कॉलेज म्हणत. ता. १७ जून १८८२ रोजीं, शनिवारीं, रात्रीं नवाच्या आंत टॉर्नेडो गांवावरून गेला. गांवांतील सुमारें ४० माणसें मेलीं आणि कॉलेजच्या इमारती ढासळल्या. कोणालाही कसलीच पूर्वसूचना नव्हती. ती देणारें कोणी नव्हतें आणि ती मिळाली असती तरी काय करावें हें ठरलेलें नव्हतें. ज्याच्या नांवानें गांव वसलें त्या जे. बी. ग्रिनेलनें वर्गणीसाठीं देश पालथा घातला आणि थोड्याच वर्षांत कॉलेज पुन्हां उभें राहिलें. त्या पुनर्बांधणींतील १८८५ चा गुडनाउ हॉल अद्याप तेथें आहे. विटा पुन्हां रचणें एवढीच त्या काळची तयारी होती. आणि ती नुकसानीच्या नंतरची होती.

आधींच्या तयारीचा विचार ज्यानें प्रथम चिकाटीनें केला तो लष्कराच्या सिग्नल कोर या खात्यांतील एक तरुण हुद्देदार, जॉन फिन्ली. त्या वेळीं हवामानाचें काम या लष्करी खात्याकडे होतें. फिन्ली घोड्यावरून, बग्गींतून उद्ध्वस्त गांवें पालथीं घालीत असे. कोणतें छप्पर कोणत्या दिशेस उडालें, कोणतें झाड कोणीकडे पडलें, याची टिपणें करीत असे. १८८४ च्या मार्चपासून त्यानें टॉर्नेडोचीं भाकितें प्रायोगिक रीतीनें वर्तविण्यास सुरवात केली. त्याच्या २८०३ भाकितांपैकीं शेंकडा ९६.६ खरीं ठरलीं, असा त्याचा हिशेब होता. हा आंकडा ऐकून आश्चर्य वाटावें. परंतु टीकाकारांनीं त्यांतील मेख तत्काळ दाखविली. यांतील बहुतेक भाकितें "टॉर्नेडो होणार नाहीं" अशीं होतीं. फिन्लीनें रोज डोळे मिटून "होणार नाहीं" एवढेंच म्हटलें असतें, तर तो शेंकडा ९८.२ वेळां बरोबर ठरला असता! "होणार" असें त्यानें १०० वेळां म्हटलें. त्यांपैकीं २८ वेळां टॉर्नेडो झाले, ७२ वेळां झाले नाहींत. आणि २३ टॉर्नेडो त्याच्या सूचनेवांचून आले.

हा हिशेब कोरडा वाटेल, पण त्यांत सर्व वाद सांठविला आहे. बहात्तर वेळां लोकांस उगाच घाबरविलें, असें म्हणावयाचें. कीं अठ्ठावीस वेळां त्यांस सावध केलें, असें म्हणावयाचें? सरकारनें पहिला पक्ष घेतला. टॉर्नेडोनें होणाऱ्या हानीपेक्षां त्याच्या भाकितानें उडणारी घबराट अधिक घातक आहे, असें मत १८८७ च्या सुमारास खात्याच्या वरिष्ठांनीं ठरविलें, आणि टॉर्नेडो हा शब्दच सरकारी भाकितांतून वर्ज्य झाला. १८९१ त हें काम लष्कराकडून वेदर ब्यूरो या मुलकी खात्याकडे आलें. बंदी मात्र तशीच राहिली. ती १९३८ पर्यंत, म्हणजे सुमारें अर्धशतक टिकली. घरांत रुग्ण असतां रोगाचें नांव उच्चारूं नये, म्हणजे रोग जाईल, अशी आपल्याकडील कांहीं घरांतून समजूत असते. तिचाच हा सरकारी अवतार होता.

या मौनाची किंमत ता. १८ मार्च १९२५ रोजीं चुकवावी लागली. त्या दिवशीं दुपारीं मिसूरी प्रांतांत जमिनीला टेकलेला एक टॉर्नेडो इलिनॉय ओलांडून इंडियानांत शिरला. सुमारें साडेतीन तासांत त्यानें २१९ मैल मजल मारली आणि ६९५ माणसांचे प्राण घेतले. अमेरिकेच्या इतिहासांत एका टॉर्नेडोनें इतके बळी दुसऱ्या कधींही घेतलेले नाहींत. इलिनॉयमधील डी सोटो या गांवीं शाळा भरलेली होती. तेथें ३३ मुलें दगावलीं. तारायंत्रें होतीं, टेलिफोन होते, रेल्वे होती. एका गांवाची बातमी पुढच्या गांवास पोंचविण्याचीं साधनें होतीं. परंतु वर्दी देण्याची पद्धतिच नसल्यामुळें प्रत्येक गांवावर टॉर्नेडो जणूं प्रथमच येत होता.

मौन मोडलें तें एका योगायोगानें. ओक्लाहोमा शहराजवळ टिंकर नांवाचा हवाई दलाचा तळ आहे. ता. २० मार्च १९४८ च्या रात्रीं त्यावर टॉर्नेडो कोसळला आणि लक्षावधि डॉलरांच्या विमानांचा चुराडा झाला. तेथील हवामान-कचेरीनें वर्दी दिलेली नव्हती. मेजर फॉबुश आणि कॅप्टन मिलर या दोघां अधिकाऱ्यांस कारण शोधण्याचा हुकूम झाला. त्यांनीं जुने नकाशे काढून टॉर्नेडोपूर्वीं हवेची मांडणी कशी असते हें ताडून पाहिलें. आणि पांचव्याच दिवशीं, ता. २५ रोजीं, तीच मांडणी पुन्हां त्यांच्या नजरेस पडली! एकाच जागीं पांच दिवसांत दोनदां टॉर्नेडो येणें ही गोष्ट इतकी दुर्मिळ, कीं भाकीत करावें तर हसें होण्याचा संभव, आणि न करावें तर कर्तव्यास चुकल्याचा ठपका. दुपारीं तीनच्या सुमारास त्यांनीं लेखी इशारा दिला. विमानें आंत घेतलीं, माणसें सुरक्षित जागीं हलविलीं. सहाच्या सुमारास टॉर्नेडो खरोखरच तळावर आला. मालाचें नुकसान झालें, पण मनुष्यहानि झाली नाहीं. या यशानंतर मुलकी खात्यासही गप्प बसणें अशक्य झालें. १९५० त टॉर्नेडोविषयीं बोलण्यास आडकाठी नाहीं असें खात्याच्या प्रमुखानें कळविलें, आणि १९५२ पासून सर्वसाधारण जनतेसाठीं अशीं भाकितें निघूं लागलीं. त्याच दशकांत अणुबाँबच्या भीतीनें गांवोगांव बसविलेले भोंगे या नव्या कामीं आले. शत्रूचीं विमानें आलींच नाहींत. भोंगे मात्र वादळासाठीं वाजत राहिले.

वर्दी मिळूं लागली म्हणजे तयारी झाली, असें मात्र नाहीं. वर्दी ऐकून माणूस जें करतो तें शहाणपणाचें हवें. आणि येथें लोकांच्या जुन्या समजुती आडव्या आल्या. कॅन्सस प्रांताची राजधानी टोपिका. तिच्या नैर्ऋत्येस बर्नेट्स माउंड नांवाची टेंकडी आहे. ही टेंकडी नगराचें रक्षण करते, टॉर्नेडोला इकडे येऊं देत नाहीं, अशी तेथें दृढ श्रद्धा होती. ता. ८ जून १९६६ रोजीं सायंकाळीं टॉर्नेडो नेमका त्या टेंकडीवरूनच उतरला, शहर तिरपें कापीत गेला आणि वाटेंत वॉशबर्न विद्यापीठाचें आवार उद्ध्वस्त करून गेला. विद्यापीठाच्या स्थापनेस नुकतेंच शतक झालें होतें. त्या काळांत वाढलेले वृक्ष कांहीं क्षणांत गेले. भोंगे वेळेवर वाजले होते, आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरून कळकळीची सूचना झाली होती. म्हणून एवढ्या मोठ्या शहरांत मृतांची संख्या सोळा-सतरांवर राहिली.

दुसरी समजूत अधिक विद्वान् होती. तळघराचा नैर्ऋत्य कोपरा सर्वांत सुरक्षित, असें फिन्लीच्या काळापासून पुस्तकांतून सांगत आले होते. टॉर्नेडो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हां घर ईशान्येस उडेल आणि त्या कोपऱ्यांतला माणूस वांचेल, असा तर्क. तर्क सुरेख होता. मात्र तो मोजून पाहण्याचें कोणास सुचलें नव्हतें. कॅन्सस विद्यापीठांतील प्राध्यापक ईगलमन यांनीं टोपिकांतील पडलेलीं घरें तपासलीं, तेव्हां घराची दक्षिण बाजू आणि नैर्ऋत्य कोपरा हींच सर्वांत कमी सुरक्षित ठरलीं! वारा ज्या बाजूनें येतो त्याच बाजूची भिंत आंत पडते, हें साधें सत्य ऐंशीं वर्षें पुस्तकी उपदेशाखालीं गाडलें गेलें होतें.

अशाच आणखी एका उपदेशाचा निकाल टेक्सस प्रांतांतील लबक येथें लागला. ता. ११ मे १९७० च्या रात्रीं तेथील टॉर्नेडोनें २६ बळी घेतले. टेक्सस टेक विद्यापीठ त्याच गांवचें. तेथील स्थापत्यशास्त्राच्या प्राध्यापकांनीं, आणि त्यांत मूळचे भारतीय असलेले किशोर मेहता हे एक प्रमुख होते, आपल्या दारांत पडलेल्या या ढिगाऱ्याला ग्रंथालय मानलें. टॉर्नेडोच्या पोटांतील कमी दाबामुळें घरें आंतून फुटतात, म्हणून खिडक्या उघडून ठेवाव्या, असें त्या वेळेपर्यंत सांगत. घरें फुटत नाहींत. वारा आंत शिरून छप्पर उचलतो आणि निराधार झालेल्या भिंती पडतात, असें या मंडळींच्या अभ्यासानें सिद्ध झालें. तेव्हां खिडक्या उघडीत बसणें म्हणजे शत्रूला दार उघडून देणेंच, शिवाय आयुष्याचीं मोलाचीं मिनिटें व्यर्थ दवडणें. पडलेल्या घरांतून हिंडतांना आणखी एक गोष्ट या संशोधकांस दिसली. चारी बाजूंच्या भिंती गेल्या तरी मधलें एखादें लहान स्नानगृह किंवा कोठीची खोली पुष्कळदां उभीच असे. त्यावरून जमिनीवरील भक्कम आश्रयखोलीची कल्पना निघाली. पंधरा पौंडांची लांकडी तुळई ताशीं शंभर मैल वेगानें तोफेंतून सोडावी आणि भिंत टिकते कीं नाहीं हें पाहावें, अशी त्यांची परीक्षा असे.

आजची विद्यालयांची तयारी या सर्व अनुभवांची बेरीज आहे, आणि ती पाहिली तर तींत नवलाईचें असें फारसें दिसत नाहीं. सूचना दोन प्रकारच्या असतात: हवेंत टॉर्नेडो होण्याजोगी स्थिति आहे, सावध रहा, ही पहिली, टॉर्नेडो दिसला किंवा रडारवर त्याची खूण उमटली, तत्काळ आसरा घ्या, ही दुसरी. दुसऱ्या सूचनेनंतर सरासरीनें दहाबारा मिनिटें हातीं असतात. तेवढ्यांत विचार करण्यास वेळ नसतो. विचार आधींच झालेला असावा लागतो. म्हणून प्रत्येक इमारतींत आश्रयाची जागा ठरवून तेथें पाटी लावतात: तळघर, किंवा तें नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावरील, बाहेरच्या भिंतीपासून दूर, बिनखिडकीची लहान खोली. व्यायामशाळा, सभागृह, कांचेचे सज्जे हीं विद्यालयाचीं भूषणें. परंतु रुंद छपरामुळें व कांचेमुळें तींच सर्वांत धोक्याचीं. भोंगा हा मूळचा मोकळ्यावर असलेल्या लोकांसाठीं. बंद खोलींत अभ्यास करणाऱ्यास तो ऐकूं येईलच असें नाहीं. म्हणून मोबाइलवर संदेश, वर्गांत ध्वनिक्षेपक, वसतिगृहांत मजल्या-मजल्यावर जबाबदार विद्यार्थी, अशी अनेकपदरी योजना असते. १९९९ पासून तेथील राष्ट्रीय हवामान-खातें अशा सिद्धतेच्या अटी पुऱ्या करणाऱ्या गांवांस व विद्यापीठांस "स्टॉर्म-रेडी" म्हणून मान्यता देतें.

ही तयारी खरी किती उपयोगी पडते, याचें उदाहरण टेनेसी प्रांतांतील जॅक्सन येथील युनियन विद्यापीठाचें आहे. नोव्हेंबर २००२ मध्यें या विद्यापीठाला टॉर्नेडोचा एक तडाखा बसला होता. त्यानंतर ता. ५ फेब्रुवारी २००८ च्या सायंकाळीं सातच्या सुमारास त्याहून पुष्कळ उग्र टॉर्नेडो वसतिगृहांवरून गेला. त्या वेळीं आवारांत हजारावर विद्यार्थी होते. वर्दी येतांच त्यांना खालच्या मजल्यावरील स्नानगृहांत व आंतल्या खोल्यांत नेलें होतें. वसतिगृहांचा बहुतेक भाग कोसळला. कांहीं मुलें तासन् तास ढिगाऱ्याखालीं अडकून पडलीं. पन्नासांवर मुलांना इस्पितळांत न्यावें लागलें. परंतु एकही मूल दगावलें नाहीं, आणि सुमारें पंधरवड्यांत वर्ग पुन्हां सुरू झाले.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. २००२ ते २००८ या काळांत चार वर्षांच्या अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांची जवळ जवळ सारी पिढी बदलून गेली होती. नगराची स्मृति पन्नास वर्षें टिकते, घराण्याची शंभर वर्षें टिकते. विद्यालयाच्या आवाराची स्मृति चार वर्षांत पुसली जाते. दर पावसाळ्याच्या तोंडीं नवीं मुलें येतात आणि त्यांना मागचें कांहींच ठाऊक नसतें. म्हणून जें शहाणपण इतरत्र आजीच्या तोंडून मिळतें, तें विद्यालयांत नियमाच्या व सरावाच्या रूपानेंच ठेवावें लागतें. ज्या कवायतीला मुलें कंटाळतात, हंसतात, ती कवायत म्हणजे संस्थेची आठवण होय.

आणि ही आठवण जेथें पोंचत नाहीं, तेथें काय होतें तेंही पाहिलें पाहिजे. ता. २७ एप्रिल २०११ रोजीं अलाबामा प्रांतांतील टस्कलूसा शहरावर आलेला टॉर्नेडो तेथील विद्यापीठाला थोडक्यांत चुकवून गेला. आवार सुरक्षित राहिलें. तरीही विद्यापीठाचे सहा विद्यार्थी मृत्यु पावले. ते आवाराबाहेर होते. परीक्षा रद्द झाल्या, पदवीदान पुढें ढकलावें लागलें. विद्यालयाची भिंत जेथें संपते तेथें त्याची जबाबदारी संपते काय, हा प्रश्न त्या सहा घरांनीं कधींच मिटलेला मानला नसेल. परगांवीं भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या मुलाची चिंता करणाऱ्या आपल्याकडील आईबापांनाही या प्रश्नाचें मर्म सांगावयास नको.

टॉर्नेडो हें केवळ अमेरिकेचेंच संकट आहे, असेंही नाहीं. ता. २६ एप्रिल १९८९ रोजीं बांगला देशांतील दौलतपूर-सातुरिया भागांत टॉर्नेडोनें सुमारें तेराशें माणसें मारलीं. एका टॉर्नेडोनें इतका संहार जगांत दुसरीकडे कोठें केल्याची नोंद नाहीं. आपल्या राजधानींतही ता. १७ मार्च १९७८ रोजीं सायंकाळीं टॉर्नेडो उतरला, आणि त्याची वाट दिल्ली विद्यापीठाच्या उत्तरेकडील आवाराच्या भागांतून होती. अवघ्या कांहीं मिनिटांत २८ माणसें मेलीं व सुमारें ७०० जखमी झालीं. आपल्याकडे अशीं संकटें विरळा, हें खरें. परंतु विरळा संकटाचा स्वभावच असा, कीं तें आलें म्हणजे त्याला ओळखणारा कोणी जवळ नसतो.

शेवटीं फिन्लीच्या हिशेबाकडे पुन्हां वळूं. त्याच्या शंभर "होणार"पैकीं बहात्तर फुकट गेले, म्हणून त्याला गप्प बसविण्यांत आलें. आज रडार आहेत, उपग्रह आहेत, गणकयंत्रें आहेत. सूचना साऱ्या जिल्ह्यास न देतां नकाशावरील लहानशा तुकड्यास देतां येते. इतकें असूनही टॉर्नेडोच्या दर दहा इशाऱ्यांपैकीं सुमारें सात आजही फुकट जातात. शास्त्र पुष्कळ पुढें गेलें. पण फुकट गेलेल्या इशाऱ्यांचें प्रमाण जवळ जवळ तेंच राहिलें. मग बदललें काय? बदलली ती समाजाची वृत्ति. सात वेळां जिना उतरून तळघरांत बसणें व आठव्या वेळीं वांचणें, हा सौदा तोट्याचा नाहीं, हें लोकांनीं पत्करलें. वर्दीनें घबराट उडते, ही १८८७ ची भीति अनुभवानें खोटी ठरली. घबराट उडते ती वर्दीनें नव्हे. वर्दी आल्यावर काय करावें हें ठाऊक नसण्यानें. ज्या मुलाला आपल्या मजल्यावरून कोणत्या जिन्यानें कोठें जावयाचें हें ठाऊक आहे, तें भोंगा ऐकून उठतें, पुस्तक मिटतें आणि चालूं लागतें. आपल्या विद्यालयांना टॉर्नेडोचें भय कमी असलें, तरी आगीचें, भूकंपाचें आणि सभागृहांतील चेंगराचेंगरीचें भय कमी नाहीं. आपलें मूल ज्या इमारतींत रोज पांच-सहा तास बसतें, तिचा दुसरा जिना कोणता आणि त्याचें दार उघडें असतें कीं कुलूपबंद, एवढें तरी पालकांनीं या सत्राच्या आरंभीं विचारून घ्यावें.